त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज २३३ अंश! निर्देशक भूमितीत कोन काढताना नेमकं कुठे चुकतं?

सुमेधा_ऐरोली

नमस्कार मंडळी. मुलगा यंदा अकरावी विज्ञानला आहे. काल जेवणं उरकून मी भांडी आवरत होते, तर हा वही घेऊन ओट्यापाशी येऊन उभा. "आई, माझ्या त्रिकोणाची बेरीज १८० येतच नाहीये."

गणित असं: अ(१,१), ब(७,३), क(४,७). तिन्ही कोन काढा.

त्याने प्रत्येक बाजूचा चढ (य मधला फरक भागिले क्ष मधला फरक) काढला. अब चा १/३, अक चा २, बक चा उणे ४/३. मग कॅल्क्युलेटरवर उलटा टॅन करून, म्हणजे चढावरून, प्रत्येक रेषेचे आडव्या रेघेशी होणारे कोन घेतले: १८.४३, ६३.४३ आणि उणे ५३.१३. आणि दोन-दोन रेषांच्या कोनांची वजाबाकी केली.
अ पाशी ६३.४३ − १८.४३ = ४५.
ब पाशी १८.४३ + ५३.१३ = ७१.५६.
क पाशी ६३.४३ + ५३.१३ = ११६.५६.
बेरीज २३३ च्या वर!

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं, पण कॉमर्सला गेल्यावर टॅनशी संबंध सुटला. आकडेमोड मी दोनदा तपासली, तिच्यात चूक नाही. क्लासमध्ये विचारलं तर उत्तर मिळालं, "सूत्र पाठ कर, त्यात टाक, पुढे चल." त्याला पुढे जायचं नाहीये, कुठे चुकलं ते समजून घ्यायचंय. मलाही. कुणी नीट समजावून सांगेल का?

खोपटकर

दोन रेषांमधल्या कोनाचा टॅन = (पहिला चढ − दुसरा चढ) भागिले (१ + दोन्ही चढांचा गुणाकार). उत्तराचं चिन्ह सोडून द्यायचं.
क पाशी: (२ + ४/३) ÷ (१ − ८/३) = (१०/३) ÷ (−५/३) = −२. चिन्ह सोडलं की २. टॅन २ म्हणजे ६३.४३ अंश.
४५ + ७१.५७ + ६३.४३ = १८०. झालं.

सुमेधा_ऐरोली

धन्यवाद खोपटकर. उत्तर जुळलं. पण तो विचारतोय, चिन्ह का सोडायचं? आणि त्याच्या रीतीने अ आणि ब बरोबर आले, मग क नेच काय पाप केलं?

नौपाडा_गणित

सुमेधाताई, मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. बेरीज करून पाहायची त्याला आठवण झाली, हेच मला फार आवडलं. मी बावीस वर्षं दहावीला गणित शिकवतेय. उत्तर आलं की ते पडताळून पाहणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी भेटतात.

आता चुकीकडे येऊ. दहावीच्या गणित भाग २ मध्ये पाचवं प्रकरण निर्देशक भूमिती आणि सहावं त्रिकोणमिती. दोन्ही शेजारी-शेजारी, पण मुलांच्या डोक्यात मध्ये भिंत उभी असते. खरं तर चढ हाच टॅन आहे. दोन बिंदू घ्या, एकातून आडवी रेघ काढा, दुसऱ्यातून उभी. काटकोन त्रिकोण तयार. उभी बाजू म्हणजे य मधला फरक, आडवी बाजू म्हणजे क्ष मधला फरक. समोरची बाजू भागिले लगतची बाजू, एवढंच.

गोची अशी की भागाकार केला की दिशा पुसली जाते. क कडून अ कडे जाताना क्ष तीनने कमी होतो आणि य सहाने कमी होतो. उणे सहा भागिले उणे तीन = २. आणि अ कडून क कडे गेलं तरी सहा भागिले तीन = २. जाताना आणि येताना चढ एकच! कॅल्क्युलेटरला बिचाऱ्याला फक्त २ दिसतो, तुम्ही कुठल्या टोकाला उभे आहात हे त्याला कसं कळणार?

मुलाने क पाशी उभं राहायचं आणि दोन्ही बाजूंकडे बोट दाखवायचं. अ खाली-डावीकडे आहे, म्हणजे तिसरं चरण (आडव्या-उभ्या अक्षांनी पडणाऱ्या चार भागांपैकी तिसरा): १८० + ६३.४३ = २४३.४३. ब खाली-उजवीकडे, म्हणजे चौथं चरण: ३६० − ५३.१३ = ३०६.८७. दोन्हींतला फरक काढा, साधारण ६३.४ येतो.

त्याने जो ११६.५६ काढला तो क पाशीच आहे, पण त्रिकोणाच्या बाहेर. दोन रेषा एकमेकींना छेदल्या की चार कोन होतात, दोन लहान आणि दोन मोठे. त्याने शेजारचा उचलला. ब पाशी त्याच रीतीने योगायोगाने आतला कोन हाती लागला.

सुमेधा_ऐरोली

बाई, काय सांगू! "क पाशी उभं राहून बोट दाखव" हे वाक्य वाचलं आणि तो खरंच फरशीवर खडूने त्रिकोण काढून क पाशी उभा राहिला. आमच्या हॉलच्या फरश्या दोन फुटी आहेत, अक्ष आयतेच मिळाले.

पारसिक

फरशीवर शिकलेलं गणित आयुष्यभर विसरत नाही. माझ्या आजोबांनी मला पायथागोरस अंगणात सुतळीने शिकवला होता, ३-४-५ च्या गाठी मारून.

कोड_लिहितो

नौपाडाबाईंनी जे सांगितलं त्यासाठी संगणकात वेगळं फंक्शनच आहे, एटॅन२. साधा उलटा टॅन एकच आकडा घेतो आणि उणे ९० ते ९० मध्येच उत्तर देतो. एटॅन२ ला य चा फरक आणि क्ष चा फरक दोन्ही वेगवेगळे द्यायचे, भागायचं नाही. मग ते चिन्हं बघून चरण ओळखतं आणि उणे १८० ते १८० मध्ये पूर्ण दिशा देतं. आडवा फरक शून्य असला तरी अडत नाही, सरळ ९० किंवा उणे ९० सांगतं. भागाकार केला असता तर तिथेच अडलो असतो.

एक सावधगिरी. पायथन, सी, जावा या सगळ्यांत आधी य, मग क्ष. एक्सेलमध्ये उलट, आधी क्ष, मग य. ऐरोलीच्या आयटी पार्कात माझ्या टीमने यापायी एकदा दोन दिवस घालवले होते. एक्सेलचा तक्ता आणि प्रोग्रॅम यांची उत्तरं जुळेनात, आणि प्रत्येक जण दुसऱ्याची शीट तपासत बसला. आणि उत्तर रेडियनमध्ये, म्हणजे कोन मोजायच्या दुसऱ्या एककात येतं, अंशांत करायला १८० ने गुणून पाय (π) ने भागा.

मोजणीवाला

हा धागा वाचून राहवलं नाही. मी ३१ वर्षं जमीनमोजणीत काढली, आता कळव्याला निवृत्त आहे.

आमच्याकडे कोन क्ष-अक्षापासून मोजत नाहीत, उत्तरेपासून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे मोजतात. त्याला बेअरिंग म्हणतो. म्हणून आमच्या टॅनमधला भागाकार उलट: पूर्वेचा फरक भागिले उत्तरेचा फरक. सुमेधाताईंच्या त्रिकोणात अ वर यंत्र लावलं तर ब सहा पूर्वेला, दोन उत्तरेला. टॅन ३, बेअरिंग ७१.५७. क तीन पूर्वेला, सहा उत्तरेला. टॅन अर्धा, बेअरिंग २६.५७. फरक बरोबर ४५. पद्धत बदलली, अक्ष बदलला, तरी आतला कोन तोच. जमिनीला आपले अक्ष ठाऊक नसतात.

आता जे सांगतो ते मनावर घ्या. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी घणसोलीच्या बाजूला एका प्लॉटची हद्द मी कागदावरच्या निर्देशकांवरून जमिनीवर उतरवत होतो. दोन्ही फरक उणे होते. भागाकार केला, चिन्हं उडाली, मी १८० मिळवायला विसरलो. चौथा खुंटा पार उलट्या दिशेला, शेजारच्याच्या भातात जाऊन पडला. शेतकरी ओरडत आला. त्याचा राग रास्त होता, मी हात जोडून माफी मागितली. त्या दिवसापासून आकडा लिहिण्याआधी वहीच्या कोपऱ्यात एक छोटी फुली काढायचो, चार चरणांची, आणि बिंदू कुठे पडतो तिथे ठिपका द्यायचो. आधी ठिपका, मग कॅल्क्युलेटर. नंतर टोटल स्टेशन हे कोन आणि अंतर मोजणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं, सगळं यंत्रच करू लागलं, तरी माझी फुली सुटली नाही.

मुलाला ही फुली शिकवा.

नौपाडा_गणित

काका, तुमची फुली उद्यापासून माझ्या वर्गात. तुमच्या परवानगीने.

मोजणीवाला

बाई, परवानगी कसली. आनंद आहे.

खोपटकर

सगळं मान्य, पण परीक्षेत वेळ मर्यादित असतो. फुल्या काढत बसलात तर पेपर कधी पूर्ण होणार? सूत्र पाठ असेल तर तीन ओळींत उत्तर. मी स्वतः असाच अभियांत्रिकीपर्यंत पोचलो. समजणं नंतर आपोआप येतं.

नौपाडा_गणित

खोपटकर, मग तुमच्या सूत्राने हे करून दाखवा. अ(०,०), ब(५,०), क(−२,२). अ पाशी कोन किती?

खोपटकर

अब चा चढ ०, अक चा −१. टॅन = १. उत्तर ४५.

अकरावी_ब

काका, क तर डावीकडे वर आहे आणि ब उजवीकडे. कोन १३५ आहे ना?

खोपटकर

बरोबर आहे, १३५. चिन्ह सोडल्यावर सूत्र नेहमी लघुकोनच देतं. त्रिकोणात विशालकोन असेल तर ते गंडवणार. इतकी वर्षं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. बाई, मान्य.

कोड_लिहितो

विशालकोनाची भीती असेल तर कोसाइन वापरा. शिरोबिंदूपासून दोन्ही बाजूंचे क्ष आणि य फरक लिहा. क्ष चा क्ष शी, य चा य शी गुणाकार करून बेरीज घ्या, दोन्ही लांब्यांच्या गुणाकाराने भागा. कोसाइन मिळतो. बेरीज उणे आली की कोन विशाल, शून्य आली की काटकोन. चरण बघायची गरजच नाही.
बाईंच्या उदाहरणात: ५ × (−२) + ० × २ = −१०. उणे, म्हणजे विशाल. सुमेधाताईंच्या क पाशी: (−३)(३) + (−६)(−४) = −९ + २४ = १५. लांब्या √४५ आणि ५. १५ ÷ ३३.५४ = ०.४४७, म्हणजे ६३.४३.
अकरावीला व्हेक्टर आले की हेच परत भेटेल.

घोडबंदरवाली

विषय निघालाच आहे तर आमच्या सोसायटीची गोष्ट. कासारवडवलीला आमच्या इमारतीचं प्रवेशद्वार जमिनीपासून ६० सेंटीमीटर वर. सासूबाईंना पक्षाघात झाल्यावर आम्ही रॅम्पची मागणी केली. कंत्राटदाराने तीन मीटरमध्ये रॅम्प बांधून दिला. दिसायला देखणा, पण व्हीलचेअर वर ढकलताना माझी पाठ भरून यायची आणि उतरताना तर जीव मुठीत.

मग भाच्याने कागदावर मांडलं: (०,०) पासून (३, ०.६). चढ ०.२, म्हणजे ११.३ अंश. आणि अपंगांसाठीच्या रॅम्पचं प्रमाण असतं १ ला १२, म्हणजे ४.७६ अंश. त्यासाठी ६० सेंमी चढायला ७.२ मीटर लांबी हवी. हा कागद सभेत ठेवला आणि कुणी वाद घातला नाही. आता वळण घेऊन मधे सपाट टप्पा ठेवलेला रॅम्प आहे. सासूबाई रोज संध्याकाळी खाली बागेत येऊन बसतात. टॅनचे माझ्यावर उपकार आहेत.

पारसिक

घोडबंदरवाली, डोळ्यांत पाणी आणलंत. आमच्या सोसायटीतही हाच प्रश्न आहे. ७.२ मीटर लिहून घेतलं.

सायकल_ठाणे

माझा प्रश्न विचारतो. मी ठाण्याहून निघताना दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेतो, रेखांश क्ष आणि अक्षांश य धरून टॅनने दिशा काढतो. होकायंत्राशी ताडून पाहिलं तर थोडा फरक पडतो. का बरं?

मोजणीवाला

कारण रेखांशाचा एक अंश आणि अक्षांशाचा एक अंश सारख्या लांबीचे नाहीत. अक्षांशाचा अंश सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जवळ येत जातात, म्हणून तिथे १११ ला अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. ठाणे १९ अंशांच्या थोडं वर आहे, तिथे तो अंश सुमारे १०५ किलोमीटरचा. आधी दोन्ही फरक किलोमीटरमध्ये करा, मग टॅन घ्या. न केल्यास आपल्याकडे दिशा जास्तीत जास्त दीड अंशाच्या आसपास चुकते, तीही ईशान्य-नैर्ऋत्य अशा तिरक्या दिशांना. सरळ उत्तरेला किंवा पूर्वेला जाताना चूक शून्य. बाकी होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं आणि शेजारी सायकलचं लोखंड, तोही फरक धरा.

सायकल_ठाणे

काका, साष्टांग. गेले दोन पावसाळे डोकं खाजवत होतो.

उपवन_वाचक

अवांतर: साइन हा शब्द आपल्याच घरचा आहे, हे मुलांना जरूर सांगा. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये 'ज्या'चा तक्ता दिला. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य आणि त्याची टोकं जोडणारी रेघ ती ज्या. अर्धी दोरी घेतली की आजचा साइन. अरबांनी ज्या चा 'जिबा' केला, पुढे तो 'जैब' असा वाचला गेला, म्हणजे वस्त्राची घडी, आणि लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर झालं 'सायनस'. देकार्तने बिंदू आकड्यांनी लिहायची भूमिती १६३७ मध्ये छापली, म्हणजे अकराशे वर्षांहून अधिक काळानंतर. सुमेधाताईंच्या मुलाच्या वहीत दोघं एकाच पानावर बसलेत.

टॅनचं मूळ सावलीत. येत्या २१ मार्चला किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास भरदुपारी, सूर्य दिवसातल्या सर्वांत उंच जागी असताना, गच्चीत एक मीटरची काठी उभी करा. सावली सुमारे ३५ सेंटीमीटर पडेल. ०.३५ चा उलटा टॅन १९ अंशांच्या जरासा वर. हाच ठाण्याचा अक्षांश!

घोडबंदरवाली

अय्या, हे करून बघणार. गच्ची आमच्याकडेच आहे.

अकरावी_ब

मला एक दिसलंय, सांगू का? सुमेधाकाकूंच्या गणितात अ पाशी ४५ येतो, त्याला टॅन लागतच नाही. चौकटींच्या वहीत अब चा मध्य (४,२). अ पासून तिथे जायला तीन उजवीकडे, एक वर. आता काटकोनात डावीकडे वळून तेवढंच चाला, म्हणजे एक डावीकडे, तीन वर. (३,५) ला पोचतो. आणि (३,५) बरोबर अक वर आहे! दोन बाजू सारख्या, मध्ये काटकोन, म्हणून अ पाशी ४५.

नौपाडा_गणित

अरे वा! वहीवर काढून पाहिलं. किती सुंदर. बाळा, कुठल्या कॉलेजात आहेस ते विचारत नाही, पण तुझ्या बाईंना हे नक्की दाखव.

खोपटकर

सूत्राशिवाय, त्रिकोणमितीशिवाय! मी आज रात्री मुलीला घेऊन बसतो.

सुमेधा_ऐरोली

सगळ्यांचे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. मुलाने मोजणीकाकांची फुली काढून तिन्ही कोन पुन्हा सोडवले. ४५, ७१.५७, ६३.४३. बेरीज १८०. चेहरा असा फुलला होता की मी फोटो काढून ठेवलाय. त्याला आणखी एक दिसलं. त्याच्याच शब्दांत लिहिते:

"तीन कोनांचे टॅन १, ३ आणि २ आहेत. म्हणजे १, २, ३. हे मुद्दाम असं घेतलंय का? १, २, ३ शिवाय दुसरे पूर्णांक असणारा त्रिकोण असेल का?"

नौपाडा_गणित

काय प्रश्न विचारलाय! त्याला एवढंच सांगा: काटकोन नसलेल्या कुठल्याही त्रिकोणात तीन टॅनची बेरीज ही त्यांच्या गुणाकाराइतकीच असते. १ + २ + ३ = ६, १ × २ × ३ = ६. बाकीचं त्याचं त्याने शोधावं. कुणीही उत्तर लिहू नका. कोड_लिहितो, तुम्ही तर नाहीच.

कोड_लिहितो

बाई, प्रोग्रॅम उघडला होता, बंद केला.

सुमेधा_ऐरोली

दोन दिवस झाले. आज ऐरोली-ठाणे लोकलमध्ये उभ्या-उभ्या त्याने तिकिटाच्या मागे लिहिलं, ते जसंच्या तसं उतरवते.

आधी तिन्ही टॅन धन धरू. सगळ्यांत मोठा टॅन तिसरा. तिघांची बेरीज त्याच्या तिपटीहून जास्त होऊ शकत नाही. बेरीज म्हणजेच गुणाकार, म्हणून पहिल्या दोघांचा गुणाकार ३ किंवा त्याहून कमी. म्हणजे ते दोघं १ व १, १ व २, किंवा १ व ३. १ व १ घेतले तर २ + तिसरा = तिसरा, अशक्य. १ व २ घेतले तर ३ + तिसरा = तिसऱ्याची दुप्पट, तिसरा ३. १ व ३ घेतले तर तिसरा २ येतो, तोच त्रिकोण. एक कोन विशाल धरला, म्हणजे एक टॅन उणे, तर समीकरण जुळतच नाही.

म्हणजे असा एकच आकार आहे, आणि तो त्याच्या वहीत होता.

मोजणीवाला

सुमेधाताई, ते तिकीट जपून ठेवा. आणि रविवारी मुलाला कळव्याला घेऊन या. माझं जुनं थिओडोलाइट, कोन मोजायचं दुर्बिणीचं यंत्र, कपाटात पडून आहे, पारसिकच्या टेकडीवर लावून दाखवतो.

अकरावी_ब

काका, मीपण येऊ?

मोजणीवाला

ये की. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. वही आणि पेन्सिल आण.